‘मॅड मेन’मधली घरे: नेपथ्याचे परीक्षण

एखाद्या दशकातले घर पडद्यावर उभे करताना सगळ्या खोल्या त्याच दशकातल्या वस्तूंनी भरून टाकण्याचा मोह आवरत नाही, आणि मग घराऐवजी फर्निचरचे दुकान दिसू लागते. 2007 ते 2015 या काळात 7 पर्वांत प्रसारित झालेल्या ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेने हा मोह बराचसा टाळला आहे. तिचे बहुतांश कलादिग्दर्शन डॅन बिशप यांचे आहे.

कथा 1960 मध्ये सुरू होते. न्यूयॉर्कमधल्या जाहिरातसंस्थेत काम करणारा डॉन ड्रेपर तेव्हा ऑसिनिंग या उपनगरात पत्नी बेटी आणि मुलांसह राहत असतो. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतींना चौकड्यांचा कागद आणि गाठीदार पाइनची कपाटे आहेत. म्हणजे 1960 साल उजाडले तरी घर आधीच्या दशकातच रेंगाळलेले आहे, आणि खऱ्या संसारात असेच असते. हे स्वयंपाकघर 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज’मध्ये प्रदर्शनात मांडले गेले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

नेपथ्याची खरी कमाल तिसऱ्या पर्वात, 1963 च्या कथाभागात आहे. बेटी सजावटकार बोलावून दिवाणखाना नव्याने लावून घेते. शेकोटीपुढची जागा मोकळी ठेवावी, माणसे तिथेच जमतात, असे ती सजावटकार तिला सांगते, आणि बेटी नेमक्या त्याच जागी पहुडण्याचा एक जुना व्हिक्टोरियन कोच आणून ठेवते. त्या नेटक्या खोलीत तो कोच इतका विसंगत दिसतो की बेटीची घुसमट सांगायला वेगळ्या संवादाची गरज उरत नाही.

चूक अगदीच नाही असे नाही. 1960 च्या कार्यालयात टंकलेखिकांसमोर आयबीएमची ‘सिलेक्ट्रिक’ यंत्रे आहेत, ती बाजारात आली जुलै 1961 मध्ये; अर्थात हा दोष घरांचा नव्हे.

पाचव्या पर्वापासून डॉन दुसरी पत्नी मेगन हिच्यासोबत मॅनहॅटनमध्ये राहतो. पायऱ्या उतरून जाण्याचा खोलगट दिवाणखाना आणि पांढराशुभ्र गालिचा यांमुळे ही सदनिका ऑसिनिंगच्या घराहून जास्त गाजली. मला मात्र ती फार काळ मासिकाच्या मुखपृष्ठासारखी वाटत राहिली, कारण आधीच्या आयुष्यातली एकही वस्तू तिथे नजरेत भरत नाही. (शेवटचे पर्व न पाहिलेल्यांनी इथेच थांबावे.) सातव्या पर्वात त्या गालिच्यावर लाल वाइन सांडते, डॉन डाग झाकून वेळ मारून नेतो, आणि पुढच्याच भागात मेगनची आई सगळे फर्निचर उचलून नेते. डॉन परततो तेव्हा खोलीत बसायला खुर्चीही नसते, आणि इतकी पर्वे देखणी भासलेली ती जागा पहिल्यांदाच कुणीतरी राहून गेल्यासारखी दिसते.