संरक्षण अधिकारी कार्यालय: अर्ज लिहून घेण्यात उत्तम, नोटीस पोचवण्यात कच्चं

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि त्यांच्याकडे जायला एक रुपया लागत नाही, हे आमच्या भागातल्या बहुतेक बायकांना माहीतच नाही. मी अंगणवाडी सेविका. खातं एकच, महिला व बालविकास. पण त्या ऑफिसात प्रत्यक्ष गेले ते भाचीमुळे. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भाचीला तिथेच राहायचंय.

तिथल्या संरक्षण अधिकारी मॅडमनी अर्ज ज्या पद्धतीने लिहून घेतला, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. भाची आधी सगळीकडे एवढंच सांगायची, "मारतात, लई त्रास देतात." पोलिस ठाण्यात तेवढंच लिहिलं गेलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कशानं मारलं? दिवस कुठला होता? घरात कोण कोण होतं?" मग एकेक निघत गेलं. संकष्टीचा दिवस, कुकरचं झाकण, डावं मनगट, सासू दारात उभी. ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर पिशवीत होताच, त्याचा नंबर अहवालात आला. या घटना अहवालाला तिथे सगळे डीआयआर म्हणतात. त्याचा नमुना ठरलेला आहे: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचे रकाने त्यात आहेत. मुलगा होत नाही म्हणून अपमान करणं, नोकरी करू न देणं, स्त्रीधन न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. भाचीला दोन मुली. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मावशी, हे पण छापलंय?" इतकी वर्षं हे आपलं नशीब म्हणून गप्प बसलेली पोरगी त्यानंतर मोकळेपणाने बोलायला लागली.

घर सासूच्या नावावर. गावातल्या एका वकिलाने आधीच सांगून टाकलं होतं की सासूच्या घरात सुनेचा काही हक्क नाही. मॅडमनी तिथल्या तिथे खुलासा केला: सून ज्या घरात नांदत होती ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२० सालीच तसा निकाल दिला आहे. आमच्यासाठी सगळ्यात मोलाची माहिती हीच ठरली. भाचीला काडीमोड नको होता, जेलही नको होती. तिला मुलींची शाळा चालू ठेवायची होती आणि डोक्यावरचं छप्पर. सासरच्या छळाचं फौजदारी कलम ४९८-अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं कलम ८५, हे शिक्षेसाठी. राहतं घर, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा, मारहाणीला मनाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं ते या २००५ च्या कायद्यात.

आता तक्रार. त्याच इमारतीत बसणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी अर्ज पुढे जायच्या आधीच सुरू केलं, "आधी दोन्हीकडच्यांना बोलावू, जरा जुळवून घ्या, पोरींकडे बघा." मला याचा फार राग आला. समुपदेशनाला पाठवायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. मिटवून बघा, मगच अर्ज घेऊ, अशी अट कायद्यात कुठेही नाही. मनगट सुजलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे तिला परत त्याच घरात ढकलणं. मी तसं तोंडावर बोलले, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला.

दुसरी तक्रार मोठी. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत पोचवायची, अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा. प्रत्यक्षात नोटीसच पोचेना. गेलं की दीर म्हणायचा, भाऊ बाहेरगावी आहे. त्या मॅडमना स्वतंत्र गाडी नाही, हाताखाली माणूस नाही, त्या एसटीने फिरतात. दोष त्यांना देववत नाही. पण एकट्या बाईवर एवढ्या गावांचा भार टाकणाऱ्या सरकारला द्यायलाच हवा. वरून कडक कायदा करून खाली गाडी नसेल तर तारखा वाढतच जातात आणि तोवर बाई भावाच्या घरी अंग चोरून राहते.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाले. बाईसाठी तिथे उत्पन्नाची अट नाही. त्यांनी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागितला आणि तो मिळाला: घरातून काढायचं नाही, मारहाण करायची नाही. पोलिस आणि मॅडम सोबत आल्या. सासूने स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं. ते उघडून घेईपर्यंत मॅडम उंबऱ्यातून हलल्या नाहीत. आदेश मोडला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्यांनी नवऱ्याला शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. शिलाई मशीन त्याच दिवशी ताब्यात मिळालं. पाटल्यांचं अजून कोर्टात चालू आहे.

कुणाला जायचं असेल तर दवाखान्याचे कागद, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले आणि दागिन्यांच्या पावत्या असतील तेवढ्या न्या. नसल्या तरी जा. माहेरी राहत असाल तर माहेरच्या तालुक्याच्या कोर्टातही अर्ज चालतो, सासरीच जावं लागत नाही. अहवालावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि त्याची प्रत मागून घ्या. ती फुकट द्यावी लागते.