मिहानमधली नोकरी आणि साडेचोवीस हजार

“तुमचा रिझ्युमे शॉर्टलिस्ट झालाय. मिहानमध्ये बॅक ऑफिसची जागा आहे, 22 हजार हातात, पीएफ वेगळा.”

नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात नोकरी देतो म्हणून असा फोन येतो आणि फसवणूक या पहिल्या वाक्यातच अर्धी उरकते. पंधरा दिवसांत तीन पोर्टलवर साठ-सत्तर अर्ज टाकलेल्या मुलाला, या कंपनीत आपण अर्ज केला होता का, हे आठवतच नाही. केला असेल, असं धरून तो “हो सर” म्हणतो. मग समोरचा विचारतो, “फिल्ड कोणतं? एक्स्पिरियन्स किती?” इथे शंका यायला हवी. खऱ्या एचआरसमोर रिझ्युमे उघडा असतो, त्याला हे विचारावं लागत नाही.

दहा मिनिटांची फोनवर मुलाखत, दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर. पुढचा हिशेब साधारण असा: रजिस्ट्रेशन 950, कागदपत्र पडताळणी 3,200, युनिफॉर्म आणि आयकार्ड 6,850, लॅपटॉपची अनामत 13,500. एकूण 24,500. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम फारसा बदलत नाही. पहिली रक्कम हजाराच्या आत, कारण तेवढ्यासाठी कोणी घरी विचारत नाही. दुसरीपासून मुलगा नोकरीसाठी कमी आणि आधीचे बुडू नयेत म्हणून जास्त भरतो. प्रत्येक रकमेपुढे ‘रिफंडेबल’ लिहिलेलं असतं आणि मुदत मात्र आज संध्याकाळी पाचची. जॉइनिंगच्या दिवशी तो मिहानसाठी खापरीला पोहोचतो. तिथल्या सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, गेटवर पास लागतो, यादीत त्याचं नाव नसतं आणि तो नंबर बंद.

यावरचा उपाय अगदीच साधा आहे, म्हणूनच कोणी करत नाही: अर्जांची वही. तारीख, कंपनी, पद, जाहिरात कुठे पाहिली, कोणता रिझ्युमे पाठवला, पुन्हा विचारणा कधी करायची. फाइलच्या नावात पोर्टलची खूण ठेवा, म्हणजे फोन करणाऱ्याला “तुमच्याकडे कोणत्या नावाची फाइल आली?” असं विचारता येतं. वहीत नोंद नसेल तर “ईमेल करा, बघून कळवतो” म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. शिवाय साठ आंधळ्या अर्जांपेक्षा, जाहिरात वाचून केलेले आठवड्याचे आठ-दहा अर्ज आणि आठ दिवसांनी त्यांची चौकशी, यातून मुलाखती जास्त निघतात. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत तर ओळखीच्या सुपरवायझरचा एक शब्द पोर्टलपेक्षा पुढे जातो.

ऑफर लेटर आलंच तर त्यावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, बघा. खाजगी किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचा हा क्रमांक अक्षरं-अंक मिळून 21 खुणांचा असतो: एक अक्षर, पाच अंक, दोन अक्षरी राज्य, चार अंकी नोंदणीचं वर्ष, तीन अक्षरं, शेवटी सहा अंक. पत्रात ‘1998 पासून सेवेत’ आणि क्रमांकात 2024, असा घोळ तिथेच दिसतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तो टाकून नाव जुळतं का ते पाहा. पण जुळलं म्हणजे पत्र खरं, असं नाही. खऱ्या कंपनीचं लेटरहेड उचलणं हाच तर धंदा आहे. म्हणून पत्रातल्या नंबरवर नव्हे, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे मागणाऱ्याचं यूपीआय तपासलं तर खातं बहुधा कुणा व्यक्तीच्या नावावर निघतं.

शहरात उमेदवाराकडून फी घेणाऱ्या प्लेसमेंट एजन्सीही आहेत. त्या सगळ्या लबाड नाहीत. तरी द्यायचीच तर पहिला पगार खात्यात आल्यावर, लेखी ठरवून आणि पावतीवर.

रेल्वे किंवा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) ‘सेटिंग’ करून देणारा काका हा वेगळाच प्रकार, तिथे रक्कम लाखांत जाते. केंद्र सरकारने गट क आणि गट डच्या पदांसाठी मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. जी मुलाखतच होत नाही, तिच्यात सेटिंग कसली? रेल्वेची भरती अधिकृत जाहिरातीनेच निघते.

पैसे गेले असतील तर लाजेपायी दोन दिवस घालवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सोबत बँकेलाही कळवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर (संदर्भ क्रमांक), तारीख, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. व्हॉट्सॲप चॅट रागाने डिलीट करू नका, तोच पुरावा. आधार दिलं असेल तर त्याचं बायोमेट्रिक लॉक करा. ओटीपी सांगितला असेल तर पासवर्ड आणि पिन त्याच तासात बदला.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो: “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम होल्डवर आहे, सोडवायला 2,500 प्रोसेसिंग फी.” हीसुद्धा फसवणूकच. तुमचा नंबर बहुतेक वेळा त्याच टोळीच्या यादीतून त्याच्याकडे फिरत आलेला असतो.