पापणीजवळचा पाणीदार फोड: ठेवायचा, फोडायचा की काढायचा?

खानावळीत दिवसभर चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांखाली मोहरीएवढे पाणीदार फोड येतात. उन्हाळ्यात फुगतात, थंडीत बसतात. दुसऱ्या कुणाच्या पापणीच्या काठावर एकच निळसर गाठ असते, तिला ऋतूचं काही देणंघेणं नसतं. दोन्हींना हिड्रोसिस्टोमाच म्हणतात. घामाच्या ग्रंथीत पाणी साचून झालेली ही साधी गाठ, कर्करोग नव्हे. निर्णय मात्र दोघींचा वेगळा.

पहिला प्रकार एक्राइन, म्हणजे अंगभर असणाऱ्या साध्या घामग्रंथींचा. बहुधा मध्यमवयीन बायकांना, डोळ्यांभोवती आणि गालांवर, आकार काही मिलिमीटर. 1893 मध्ये रॉबिन्सन या डॉक्टरने असे फोड नोंदवले, तेही उष्ण-दमट जागी राबणाऱ्या बायकांमध्येच. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत घाम गाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुसरा अपोक्राइन: बहुतेक वेळा एकटाच, थोडा मोठा, पापणीच्या कडेच्या, मोल नावाच्या घामग्रंथीतून आलेला.

नुसतं बघून बऱ्याचदा अंदाज येतो. सिरिंगोमा ही घामाच्या नळीची साधी गाठही डोळ्यांखालीच होते, पण ती भरीव. सुई टोचली तरी पाणी निघत नाही. खरी धास्ती बेसल सेल या त्वचेच्या कर्करोगाची, कारण त्याचाही एक प्रकार पाण्याने भरलेल्या गाठीसारखा दिसतो. गाठीपाशी पापणीचे केस झडलेत, खपली धरते नि पुन्हा रक्त येतं, वर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, यातलं एकही लक्षण असेल तर तुकडा तपासून घ्यायलाच हवा. सूक्ष्मदर्शकाखाली एक्राइन गाठीच्या भिंतीत चपट्या-चौकोनी पेशींच्या एक-दोन ओळी दिसतात. अपोक्राइनमध्ये पेशी उंच असतात, त्यांची टोकं तुटून पोकळीत पडताना दिसतात.

आता उपाय. सुईने फोडणं स्वस्त, पाच मिनिटांचं काम. स्वच्छ पाणी निघतं, गाठ सपाट होते, माणूस खूश. पण पिशवीची भिंत आतच राहते, म्हणून ती पुन्हा भरते. भूल देऊन गाठ पिशवीसकट काढली तर ती सहसा परत येत नाही. एखाद-दुसरा टाका आणि बारीकसा व्रण, एवढाच हिशेब. लेझर किंवा कॉटरीने जाळणं अनेक बारीक फोडांना बरं पडतं, पण जाळल्यावर तपासणीला काही उरत नाही, हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. अ‍ॅट्रोपिनचं घाम कमी करणारं मलम काहींना लागू पडतं, पण तोंड कोरडं पडतं, दृष्टी धूसर होते. घाम रोखणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा असर काही महिनेच. आणि गल्लीत कुणी चुना लावायला सांगितला तर डोळ्यापाशी तसलं काही करू नका.

माझं मत विचाराल तर एकटी, कायमची, पापणीच्या काठावरची गाठ पूर्ण काढून पॅथॉलॉजीला पाठवावी, आणि ते काम पापण्यांच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावं. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आधी दाखवून घ्यावं. काढलेल्या गाठीची बाटली लॅबला कोण नेणार, तेही आधीच विचारून ठेवा. कधी कधी ती नातेवाइकांच्याच हाती देतात.

बारीक, अनेक आणि उन्हात फुगणारे फोड असतील तर मे महिन्यात घाई नको. चुलीपासून जरा लांब राहा, दिवाळीनंतर आरशात पाहा. तेव्हाही जे उरतील, त्यांच्यावरच खर्च करा.