'द क्रॉनिक' श्रेष्ठ की 'डॉगीस्टाइल'?

अमेरिकन रॅपर आणि संगीतकार डॉ. ड्रे यांचा 'द क्रॉनिक' (डिसेंबर १९९२) आणि रॅपर स्नूप डॉग यांचा 'डॉगीस्टाइल' (नोव्हेंबर १९९३) हे दोन्ही अल्बम डेथ रो रेकॉर्ड्सने काढले आणि दोन्हींचे संगीत ड्रे यांनीच घडवले. तरीही त्यांपैकी श्रेष्ठ कोणता, यावर श्रोत्यांचे आजही एकमत नाही.

'द क्रॉनिक'चे चाहते प्रथम त्याच्या ध्वनीविषयी बोलतात. जुन्या फंक संगीतावर, विशेषतः पार्लमेंट-फंकाडेलिक या बँडच्या रचनांवर, उभारलेला संथ ठेका, खोल बास आणि त्यावर तरंगणारा सिंथेसायझरचा उंच, लांबलेला सूर यांतून जी-फंक ही शैली सर्वदूर पोहोचली. शिवाय १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलींचा संताप या अल्बममध्ये थेट ऐकू येतो. ड्रे यांच्या ओळी लिहिण्यात इतरांचा मोठा हात होता, हा आक्षेप खरा असला तरी मला तो गौण वाटतो, कारण त्यांची प्रतिभा मुख्यतः संगीतरचनेत आहे.

'डॉगीस्टाइल'ची बाजू घेणारे स्नूप यांच्या आवाजावर लुब्ध असतात. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत, जवळजवळ गुणगुणत ते रॅप करतात, आणि तशी सहजता ड्रे यांच्या भारदस्त उच्चारात नाही. पहिल्याच आठवड्यात या अल्बमच्या आठ लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

स्त्रियांविषयीची अवमानकारक भाषा दोन्हींत आहे आणि चाहत्यांनी ती झाकू नये. आवाजासाठी मी 'डॉगीस्टाइल' निवडेन. सलग ऐकण्यासाठी मात्र 'द क्रॉनिक'च, कारण त्यातला संताप विषयांना एकत्र बांधून ठेवतो.