जुने सागवान की नवे तयार फर्निचर? घर मांडणाऱ्यांसाठी तुलना

नवे घर मांडताना फर्निचरसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली, की त्या रकमेत दुकानातले किंवा ऑनलाइन मिळणारे नवे तयार फर्निचर घ्यावे, की कोणाच्या घरातून निघालेले जुने सागवानी सामान शोधून, पॉलिश करून वापरावे, हा प्रश्न मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांना पडतो. जुने म्हणजे नाइलाजाने घेतलेले, ही समजूत मागे पडत आहे आणि ते योग्यच आहे. मात्र सरसकट निवाडा देण्यापेक्षा प्रत्येक वस्तूबाबत एकच विचारावे, की ही मोडली तर जवळचा सुतार ती दुरुस्त करू शकेल का? माझ्या मते बाकी सर्व मुद्दे या प्रश्नानंतर येतात.

स्वस्त तयार कपाटे आणि पलंग बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाचे असतात. लाकडाचा भुसा व ढलप्या फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकात दाबून ही फळी बनते आणि वरून लाकडासारखा दिसणारा पातळ थर चिकटवला जातो. तिचा शत्रू पाणी आहे. रोज लादी पुसताना कपाटाच्या तळाला ओल लागते, कडेची पट्टी सुटते, आतला भुसा फुगतो आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. स्क्रूची पकडही भुशातच असल्यामुळे घर बदलताना कपाट एक-दोनदा सोडवून जोडले, की बिजागऱ्या सैल होतात. शिवाय नव्या बोर्डातून काही काळ फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली या वायूची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून नवेच घ्यायचे असेल, तर कमी उत्सर्जनाचा ई-1 दर्जा आहे का हे विचारावे, किंवा सरळ प्लायवूडकडे वळावे. प्लायवूडवर भारतीय मानकाचा आयएस 303 किंवा ओल अधिक सोसणाऱ्या प्रकारासाठी आयएस 710 हा शिक्का पाहावा. प्लायवूडचे काम दुरुस्त होते. पार्टिकल बोर्डाचे सहसा होत नाही.

जुन्या सागवानाची गोष्ट वेगळी आहे. मुंबईतील जुन्या घरांत दिसणाऱ्या ‘बर्मा टीक’मागे मोठा व्यापार होता, 1863 साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, जंगलांतून सागाची निर्यात करत असे. म्यानमारने 2014 साली ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या झाडाचे तसे लाकूड आज सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी सामान्य घराच्या आवाक्यात राहत नाही. आपल्याकडचा चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, ज्याला व्यापारी ब्रिटिशकालीन ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’वरून अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात, तोही उत्तम. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवानच पाठवण्यात आले. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्यापासून दूर राहते. हा गुण फक्त गाभ्याचा असतो. झाडाच्या बाहेरच्या बाजूचे फिकट लाकूड किडते, त्यामुळे जुन्या पलंगाच्या मागच्या पट्ट्यांवर बारीक छिद्रे आणि खाली ताजा भुगा दिसला, तर ती वस्तू घरात आणू नये.

खरेदी कुठे करावी यावर किंमत बरीच अवलंबून असते. जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा बाजार सर्वांत सोयीचा आहे, परंतु तिथला व्यापारी लाकडाची किंमत तुमच्यापेक्षा चांगली जाणतो. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर निवड मोठी असते. शुक्रवारी तिथली दुकाने बंद असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मोठ्या फर्निचरपेक्षा मुठी, कड्या, पितळी बिजागऱ्या शोधण्यासाठी जावे. खरा स्वस्त सौदा मात्र पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींत होतो, कारण महिन्याभरात घर रिकामे करायचे असलेल्या कुटुंबाला आजोबांचे कपाट चांगल्या घरी जावे एवढीच इच्छा असते. या किमतीत टेम्पो, हमाली, सुताराची मजुरी आणि पॉलिश मिळवूनच नव्या वस्तूशी तुलना करावी. अनेकदा एकूण रक्कम नव्या पार्टिकल बोर्डाच्या कपाटापेक्षा जास्त भरते, आणि तरीही मी जुनेच घ्यायला सांगेन.

‘अँटीक’ म्हणून विकले जाणारे बरेच सामान प्रत्यक्षात पाडलेल्या इमारतींच्या तुळयांपासून हल्ली बनवलेले असते. त्यात गैर काही नाही, लाकूड खरेच जुने असते, फक्त जुन्या घडणीची किंमत त्यासाठी मोजू नये. ओळखायचे असेल तर एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा धरावा. हाताने केलेल्या कामात कोपऱ्यांचे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, सांधे एकसारखे नसतात, तळाच्या फळीवर रंध्याचे हलके खळगे बोटांना लागतात, आणि खण वर्षानुवर्षे सरकून त्याच्या खालच्या कडा गुळगुळीत झिजलेल्या असतात. गोलाकार करवतीच्या खुणा, अधिक चिन्हाचे स्क्रू, आतूनही बाहेरइतकाच गडद रंग आणि जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोके दिसली, तर वस्तू अलीकडची आहे.

पर्यावरणाचा हिशेब इथे बराच स्पष्ट आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो आणि वस्तू वापरात राहील तोवर तो तिच्यातच राहतो. जुने टेबल पुन्हा वापरले, तर नवे झाड तोडावे लागत नाही आणि नवा डिंकही लागत नाही. फुगलेले पार्टिकल बोर्ड मात्र भंगारवालाही घेत नाही.

दिसण्याच्या बाबतीत जुन्याची बाजू वरचढ असली, तरी मापे आडवी येतात. उंच कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. ते सुटे होते का, हे आधी पाहावे. जुन्या पलंगांची मापे आजच्या तयार गाद्यांशी जुळतीलच असे नाही, मग गादी मापाने करून घ्यावी लागते. संपूर्ण खोली गडद सागवानाने भरली तर लहान फ्लॅट कोंदट वाटतो. पांढऱ्या भिंतीपाशी एकच लांब हातांची आरामखुर्ची, किंवा साध्या नव्या टेबलाभोवती इराणी हॉटेलांत असतात तशा वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्या, एवढ्यानेही खोलीला रूप येते. पॉलिश शक्यतो लाखेचे करावे: डाग पडले तरी तेवढाच भाग पुन्हा करता येतो.

गादी, उशा आणि कापडी सोफा जुना घेऊ नये, कारण ढेकूण शिवणीत लपतात; सोफ्याचा सांगाडा सागवानी असेल, तर आतले सगळे काढून नवे भरून घ्यावे. लहान मुलाचा जुना रंगवलेला पाळणाही टाळावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटांसाठी नवे प्लायवूडच बरे. याउलट कपड्यांच्या कपाटासाठी लाकडाचा आग्रह नसेल, तर जुने लोखंडी कपाट विसरू नये: गोदरेजने 1923 पासून लोखंडी कपाटे बनवली, आणि तळाशी गंज नसेल, किल्ली असेल, तर नवा रंग देऊन असे कपाट पुढची अनेक वर्षे वापरता येते. परदेशी राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना वडिलोपार्जित सामान सोबत न्यायचे आहे, त्यांनी ते शंभर वर्षांहून जुने आहे का हे आधी तपासून घ्यावे, कारण 1972 च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरातन ठरल्यास खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.