आठ पोर्टांचा इंडस्ट्रियल स्विच : आठ महिने वापरून

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) चालणारे दोन प्रेस आहेत आणि मित्सुबिशी एफएक्स५यू या पीएलसीवरचं एक पॅकिंग मशीन. पूर्वी बिघाड आला की लॅपटॉप घेऊन त्या-त्या पॅनलपाशी धावायचं. डिसेंबरात डीन रेलवर (पॅनलमधली धातूची पट्टी) बसणारा, २४ व्होल्टचा साधा अनमॅनेज्ड, म्हणजे काही सेटिंग नसलेला, नेटवर्क स्विच घेतला. तीन पीएलसी, तीन एचएमआय (मशीनवरचे स्क्रीन) आणि लॅपटॉप असे सात पोर्ट भरले.

पहिल्याच दिवशी एक नंबर प्रेसच्या स्क्रीनवर दोन नंबरचं ऑइल टेंपरेचर दिसायला लागलं. नशीब, दोन्ही मशीन बंद होती. सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर टीआयए पोर्टल नव्या प्रोजेक्टमध्ये पीएलसीला १९२.१६८.०.१ हाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतं, आणि दोन वेगळ्या मशीनवाल्यांनी तो तसाच ठेवला होता. एकाचा बदलायचा म्हणजे त्याच्या एचएमआयमध्येही बदलावा लागतो. ती फाइल मिळवायला चार दिवस फोन केले. म्हणून सांगतो, मशीन घेतानाच पीएलसी आणि एचएमआय दोन्हींचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रामची फाइल, मागून घ्या.

मित्सुबिशी मात्र लॅपटॉपला दिसेचना. त्याचा कंपनीतून आलेला पत्ता १९२.१६८.३.२५०, लॅपटॉप १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या गटात (सबनेटमध्ये), म्हणून दोघं बोलेनात. विंडोजमध्ये त्याच लॅन कार्डाला १९२.१६८.३.५० हा दुसरा आयपी जोडला, लगेच पिंगला (जोडणी तपासायच्या हाकेला) उत्तर आलं. मशीनला हातही लावावा लागला नाही.

आता खुर्चीत बसून तिन्ही प्रोग्राम बघतो. डाउनलोडचं, म्हणजे बदललेला प्रोग्राम पीएलसीत टाकायचं, मात्र वेगळं. आधी टीआयए पोर्टलमधलं ‘फ्लॅश एलईडी’ दाबतो, त्याने निवडलेल्या पीएलसीचे दिवे लुकलुकतात; पॅनलपाशी उभा असलेला इलेक्ट्रिशियन ओरडतो, ‘भाऊ, दोन नंबरचे लाइट लुकलुकून राहिले!’ मगच पुढे. मशीनमध्ये कुणाचा हात असेल हे टेबलावरून दिसत नाही. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

मे महिन्यात शेडमध्ये उभं राहवत नव्हतं, पॅनल तर भट्टी. ऑफिसमधला प्लास्टिकचा स्विच तिथं लावला असता तर तो टिकेल यावर माझा विश्वास नव्हता. हा एकदाही हँग झाला नाही. जूनमध्ये लिंक तुटायची, पण ती चूक आमचीच, नेटवर्कची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) मोटर वायरला बांधली होती, तिच्या विद्युत गोंधळाने सिग्नल बिघडायचा. शील्डेड केबल वेगळ्या ट्रेमधून नेली, थांबलं. कुठला पोर्ट तुटतोय हे स्विच स्वतः सांगत नाही, दिवे बघत बसावं लागतं. पुढचा मॅनेज्ड, म्हणजे प्रत्येक पोर्टची माहिती देणारा, घेईन.

कोपऱ्यातलं जुनं कटिंग मशीन आरएस-४८५ (दुसऱ्या प्रकारची, सीरियल जोडणी) वालं आहे. ते या स्विचला लागत नाही, त्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर अजून बॅगेत असतोच.