केबल काढल्यावर टीव्हीला काय जोडावं: अँड्रॉइड स्टिक की रास्पबेरी पाय?

केबल बंद करायची आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा, तर खरे पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची अँड्रॉइड टीव्ही स्टिक. दुसरा, रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसतं 'पाय') हा एका छोट्या पट्टीवरचा संगणक आणि त्यावर लिब्रेइलेक, म्हणजे सिनेमे, व्हिडिओ आणि वाहिन्या दाखवणारं कोडी हे सॉफ्टवेअर चालवण्यासाठीच बनवलेली आटोपशीर लिनक्स.

जुना मिनी पीसी घ्या असंही बरेच जण सुचवतात. त्याची ताकद दोन्हींपेक्षा जास्त, यात वाद नाही. पण बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयवर सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनं जोडलेलं यंत्रही चालवण्याची सोय, नसते, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटनं तो चालत नाही. त्यासाठी वेगळा यूएसबी-सीईसी ॲडॉप्टर किंवा इन्फ्रारेड रिसीव्हर लावावा लागतो. दुसऱ्या खोलीत सर्व्हर म्हणून तो उत्तम. टीव्हीखाली ठेवायचा, तर घरातल्या सगळ्यांना जमेल असा तो नाही. पाय आणि स्टिक या दोघांनाही सीईसी येतं, टीव्हीचा एकच रिमोट पुरतो.

स्टिकची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. पैसे भरून बघायच्या ॲपवर चांगलं चित्र हवं असेल तर वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या कुलूप-यंत्रणेचं एल१ हे सर्वांत वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. नावाजलेल्या स्टिकमध्ये ते कारखान्यातूनच येतं. पायवर मिळतं ते सर्वांत खालचं एल३. त्यावर अशा सेवा चित्राचा दर्जा मुद्दाम खाली ठेवतात आणि कोडीतली त्यांची ॲडऑन अधिकृत नसल्यामुळे मध्येच बंदही पडतात. यावर पायकडे उपाय नाही आणि शोधत बसण्यात अर्थही नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ फॉरमॅट पायच्या हार्डवेअरला उलगडता येत नाहीत, त्यामुळे फोरके स्ट्रीमिंगची अपेक्षाही ठेवू नये. ज्यांचं सगळं बघणं ॲपवरच होतं त्यांनी स्टिक घ्यावी आणि पुढचं वाचायचीही तसदी घेऊ नये.

पण केबल सोडणाऱ्या बहुतेकांना थेट वाहिन्याही हव्या असतात आणि स्वतःच्या डिस्कवरचे सिनेमे, घरचे व्हिडिओही. इथे तराजू हलतो.

पायला यूएसबी ट्यूनर, म्हणजे अँटेना किंवा डिशचा सिग्नल पकडणारं छोटं यंत्र, थेट जोडता येतो. अँटेनासाठी डीव्हीबी-टी२, डिशसाठी डीव्हीबी-एस२. लिब्रेइलेकच्या ॲडऑन भांडारातून टीव्हीहेडएंड हा ट्यूनरच्या वाहिन्या कोडीला पुरवणारा सर्व्हर टाकायचा, मग संगणकाच्या ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि ९९८१ हा पोर्ट. तिथे आधी नेटवर्क बनवायचं, त्यात मक्स, म्हणजे एकेका फ्रिक्वेन्सीवरचे वाहिन्यांचे गठ्ठे, भरून स्कॅन चालवायचं, सापडलेल्या सर्व्हिसेस वाहिन्यांना मॅप करायच्या. शेवटी कोडीत टीव्हीहेडएंडचं क्लायंट ॲडऑन सुरू करायचं, त्याचा पोर्ट ९९८२. सर्व्हिसेसच्या यादीत एन्क्रिप्टेड असा रकाना असतो, तो नीट बघा. कूटबद्ध, म्हणजे कुलूप लावलेली वाहिनी स्कॅनमध्ये नावानिशी दिसते, पण लावल्यावर पडदा काळाच राहतो. लोक तासन्‌तास अँटेना हलवत बसतात, आणि दोष अँटेनाचा नसतोच. केबलची वायर थेट ट्यूनरला जोडून सगळं फुकट दिसेल ही आशाही त्याच कारणानं फोल ठरते. स्टिकला थेट वाहिन्या दाखवता येतात त्या इंटरनेटवरून, नाहीतर घरात दुसरीकडे चालणाऱ्या अशाच एखाद्या सर्व्हरवरून.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत ठरलं ती. बातम्यांच्या तळाशी सरकणारी पट्टी.

जिथे प्रसारण ५० हर्ट्झचं आहे तिथे इंटरलेस्ड वाहिनी सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवते. डीइंटरलेसिंग नीट झालं की त्यांची ५० पूर्ण चित्रं होतात. स्टिक मात्र टीव्हीला सहसा ६० हर्ट्झनं चित्र देत असते. ५० चित्रं ६० जागांत बसवायची तर प्रत्येक पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, म्हणजे सेकंदाला दहा बारीक झटके. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा बघताना ते कळत नाहीत. सरकणारी पट्टी, मैदानावरून आडवा फिरणारा कॅमेरा, चालत्या गाडीतून घेतलेलं दृश्य, यांत मात्र चित्र सतत अडखळतं. केबलच्या डब्यावर हे दिसत नव्हतं, कारण तो डबा सहसा टीव्हीला ५० हर्ट्झच देतो. म्हणून केबल काढल्यावर घरातलं कुणीतरी 'चित्र पूर्वीसारखं नाही' म्हणतं आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. इंटरनेटचा वेग वाढवून किंवा महागडी एचडीएमआय केबल आणून हे जात नाही.

सिनेमाचंही तसंच आहे. २३.९७६ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर दाखवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, असा लंगडा ठेका धरावा लागतो.

अँड्रॉइड टीव्हीच्या १२व्या आवृत्तीपासून फ्रेम रेट जुळवण्याचं सेटिंग आहे, हे मान्य. पण ॲपनं तशी मागणी केली तरच ते कामाला येतं. स्टिकवरचं कोडी ती मागणी करू शकतं, थेट वाहिन्यांची बरीच ॲप करत नाहीत. सगळ्याच स्टिक अशा असतील असं मी म्हणणार नाही. मात्र डब्यावरची माहिती वाचून हे कळत नाही, चालवूनच बघावं लागतं.

पायवर हा प्रश्न एकदाच सोडवायचा असतो. कोडीच्या सेटिंग्जमध्ये खाली डावीकडचं गिअर दाबून पातळी एक्स्पर्ट करा. प्लेअर, व्हिडिओ, तिथे ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर ठेवा. मग सिस्टिम, डिस्प्ले, व्हाइटलिस्ट (टीव्हीला द्यायला चालतील अशा दरांची यादी): १०८०पी मधले २३.९७६, २४, ५०, ५९.९४ आणि ६० हे दर निवडा, टीव्ही फोरके असेल तर २१६०पी मधलेही. २३.९७६ आणि २४ हे दोन्ही हवेत. फक्त २४ ठेवला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा येते, आणि संथ दृश्यात तो हिसका दिसतो. मेनूचं रिझोल्यूशन फोरके टीव्हीवरसुद्धा १०८०पी ठेवा. व्हाइटलिस्टमुळे फोरके व्हिडिओ आपोआप फोरकेतच लागतो आणि मेनू जड होत नाही.

यातही एक गैरसोय आहेच. दर बदलताना टीव्ही दोनेक सेकंद काळा होतो आणि पहिला संवाद हुकतो. त्याच पानावर रिफ्रेश रेट बदलताना थांबण्याचं सेटिंग आहे, तिथे दोन-तीन सेकंद द्या. ५० हर्ट्झच्या थेट वाहिन्याच जास्त बघत असाल तर मेनूच ५० हर्ट्झवर ठेवा आणि व्हाइटलिस्टमध्ये १०८०पी पेक्षा खालचं काही निवडू नका. मग वाहिनी बदलताना टीव्ही काळा होत नाही. पट्टी तरीही अडखळली तर चालू चित्रावर व्हिडिओ सेटिंग्ज उघडून डीइंटरलेसिंगची पद्धत बदलून बघा. काही पद्धती ५० ऐवजी २५च चित्रं देतात.

पायच्या तक्रारींचं मूळ जवळजवळ नेहमी विजेत असतं. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह आलं तर व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलंय असं समजा. फोनचा चार्जर नको, ५.१ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा अधिकृत अडॉप्टरच घ्या. तेवढ्यानंही भागेलच असं नाही, कारण पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ ॲम्पिअर देतात. फिरती पोर्टेबल डिस्क सुरू होताना एकटीच ०.९ पर्यंत ओढू शकते, त्यात ट्यूनर जोडला की डिस्क टकटक करते आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटतं. स्वतःचा अडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या, किंवा स्वतंत्र वीजजोडणीची मोठी डिस्क.

यूएसबी ३ डिस्कच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो. त्यामुळे वायफाय मंदावतं आणि वायरलेस कीबोर्डची बटणं निसटतात. नेटवर्कसाठी इथरनेटची वायर लावा, ते शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. कीबोर्डचा डोंगल यूएसबी २ पोर्टात, छोट्या एक्स्टेन्शननं लांब ठेवा.

रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर करू नका. टीव्हीहेडएंडची मूळ जागा तीच असते, ती आधी बदला. ८ मेगाबिट दराची एचडी वाहिनी तासाला ३.६ जीबी लिहिते, कार्ड भरतंही लवकर आणि झिजतंही लवकर. सामान मोजकं लागतं: २ जीबी रॅमचा पाय ४, १६ जीबीचं चांगलं कार्ड, धातूचं पंखाविरहित केस, आणि मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय अशी सलग केबल. सैल जोडणीचे छोटे कन्व्हर्टर टाळा, सीईसी आधी त्यांच्यामुळेच रुसतं. केबल वीजजोडणीच्या बाजूच्या एचडीएमआय पोर्टात लावा. तरीही रिमोट चालला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू आहे का पाहा. तिथे ते सीईसी या नावानं सापडत नाही: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक.

पाय ५ नवा आणि वेगवान असला तरी या कामासाठी मी पाय ४ कडेच झुकेन. पाय ५ मधून एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलंय, आणि एचडी वाहिन्या मोठ्या प्रमाणावर त्याच फॉरमॅटमध्ये असतात. त्याचा प्रोसेसर ते काम सॉफ्टवेअरनं निभावतो, पण तापतो जास्त, आणि पूर्ण क्षमतेसाठी ५ ॲम्पिअरचा वेगळा अडॉप्टर मागतो. एचईव्हीसी या फॉरमॅटमधलं फोरके दोघांनाही हार्डवेअरमधून येतं.

राहिला एल१ चा प्रश्न. टीव्ही स्मार्ट असेल तर ती ॲप टीव्हीतच आहेत. ती तिथेच बघा, थेट वाहिन्या आणि डिस्कवरचं सगळं पायवर. एचडीएमआयचा स्रोत बदलला की तोच रिमोट पायला लागू होतो. टीव्ही साधा असेल तर स्टिकला पर्याय नाही, आणि तेव्हा दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात पाय आहेच. केबलवाल्याला नाही म्हणण्याआधी ट्यूनर जोडून एकदा स्कॅन मात्र करून घ्या. घरात रोज लागणाऱ्या वाहिन्यांपैकी किती कूटबद्ध निघतात, त्यावर पायचा किती उपयोग होईल हे कळेल.